पीसी अपग्रेडमध्ये टेस्टिंगचे पैसे मागायला लाजू नका



गेमिंग पीसी अपग्रेडचा धंदा कमी भांडवलात कसा सुरू करायचा, या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, बोर्डावर 'ओव्हरक्लॉकिंग फ्री' असं लिहू का? गिऱ्हाईक ओढलं जाईल." याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझं मत: लिहू नका. ओव्हरक्लॉकिंग जरूर शिका, बिनधास्त शिका. पण ते फुकट वाटू नका आणि तीच आपली ओळखही करू नका. पैसे घ्यायचे ते दोन गोष्टींचे, एक म्हणजे अपग्रेडचा प्लॅन आणि दुसरं म्हणजे काम झाल्यावरचं टेस्टिंग. पार्ट विकून जे सुटतं ते वरकड समजा. तुमच्यातले काही जण नोकरीतली शिल्लक घालून उतरणार आहेत, काही जण मुद्राचं कर्ज काढून. त्यांचं पहिलं वर्ष याच एका गोष्टीवर तरतं किंवा बुडतं, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आधी हिंजवडीचं गिऱ्हाईक कसं आहे ते बघा. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन फेजपैकी कुठंतरी नोकरी आणि वाकड, माण, मारुंजी भागात भाड्याचा फ्लॅट. ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, पण घरच्या मशीनवर रात्री व्हॅलोरंट चालतं आणि शनिवार-रविवारी कोर्स किंवा एखादा साइड प्रोजेक्ट. या माणसाला कॉम्प्युटर कळतो. तुमच्या काउंटरवर उभा राहून तो मोबाइलवर रेट काढतो. तुम्ही ग्राफिक्स कार्डावर चार टक्के ठेवलेत की सहा, हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं. ऑनलाइनवाले आहेत, इकडे तापकीर गल्ली आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. पार्टच्या किमतीत तुम्ही यांच्याशी भिडूच नका, तिथं तुमचा निभाव लागणार नाही.

मग तो तुमच्याकडे येतो कशाला? त्याच्याकडे वेळ नसतो आणि मनात धाकधूक असते. बायोस अपडेट करताना मध्येच लाइट गेली तर? नवीन प्रोसेसर बसवला आणि स्क्रीन आलीच नाही तर? ही जबाबदारी कुणीतरी घ्यावी, म्हणून तो दुकानात येतो. म्हणजे तो खरेदी करतोय ती निश्चिंती. आणि आपण काय करतो, तर पार्टवर दोनशे रुपये कमी करून जबाबदारी फुकट देऊन टाकतो.

जबाबदारीचा खर्च काढून बघा. समजा अपग्रेडच्या एका कामात तुम्हाला दोन हजार सुटले. दोन दिवसांनी फोन येतो, "गेम मध्येच बंद पडतोय, निळी स्क्रीन येते." तुमचा पोरगा वाकडहून फेज थ्रीला निघाला. संध्याकाळी सहाला भूमकर चौकातून निघालेला माणूस किती वाजता पोचतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जाणं-येणं आणि तिथलं तास-दोन तासांचं काम धरलं तर अर्धा दिवस गेला. दुकानात दुसरं काम थांबलं ते वेगळंच. एका फेरीत दोन हजारांचे हजार झाले आणि दुसऱ्या फेरीत काहीच उरलं नाही. बीबीएला कॉस्टिंग शिकताना हे आकडे पुस्तकात कोरडे वाटतात, पण दुकानात हेच नफा खातात. तेच मशीन देण्याआधी एक रात्र टेस्टवर ठेवलं असतं तर दुकानाच्या विजेचं थोडं बिल आणि सकाळचा अर्धा तास, एवढ्यावर भागलं असतं.

आता प्लॅनकडे येऊ. माझ्या मते खरी कमाई इथंच आहे.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचंय." तुम्ही लगेच रेट सांगायला लागलात तर तुम्ही फक्त रेट सांगणारे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. कुठले गेम खेळतो, मॉनिटर कुठला आहे आणि हातात बजेट किती. मग मशीन चालू करून घोडं नेमकं कुठं अडलंय ते शोधा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढं राहतोय, तर कार्ड कमी पडतंय. कार्ड साठ टक्क्यांवर निवांत बसलंय आणि तरी फ्रेम अडखळतायत, तर प्रोसेसर किंवा रॅममध्ये पाणी मुरतंय. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या गेममध्ये बहुतेक वेळा प्रोसेसर आधी दमतो. सायबरपंकसारख्या जड गेममध्ये कार्ड दमतं. आणि मॉनिटरच साठ हर्ट्झचा असेल तर दोनशे फ्रेम काढून देऊन उपयोग काय? ते मॉनिटरवर दिसणारच नाहीत.

एक नमुन्याचं मशीन घेऊ. लॉकडाऊनच्या काळात जोडलेला पीसी: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, सोळा जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि साडेचारशे वॉटचा एसएमपीएस. मालक म्हणतो, "जुना झालाय, लाखभर टाकून सगळंच बदलू." दुकानदार म्हणून तोंडाला पाणी सुटतं. पण थांबा.

टास्क मॅनेजर उघडा, मेमरीचा स्पीड बघा. रॅमच्या पॅकेटवर ३२०० लिहिलेलं असतं आणि इथं २१३३ किंवा २४०० दिसतं, हा प्रकार अजूनही सर्रास सापडतो. कारण जोडणाऱ्याने बायोसमध्ये एक्सएमपी चालूच केलेलं नसतं. रॅमची एकच स्टिक आहे की दोन, तेही बघा. सोळाची एक लावण्यापेक्षा आठच्या दोन लावल्या की ड्युअल चॅनल मिळतं आणि प्रोसेसर दमणाऱ्या गेममध्ये तो फरक कळतो. दोन असतील तर योग्य स्लॉटमध्ये आहेत का ते बघा, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. एवढ्यात अजून एक रुपयाचा मालही विकला गेलेला नाही.

पुढं प्रोसेसर. एएम४ सॉकेटची गंमत अशी, की बायोस अपडेट केला की बहुतेक बी४५० बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालते. म्हणजे रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर बसतो. सगळं मशीन बदलायची गरजच उरत नाही. क्रम मात्र चुकवू नका. जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, मग नवीन बसवा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरची प्रोसेसरची यादी स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

बायोसला हात लावण्याआधी अजून दोन गोष्टी. एक, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की गिऱ्हाइकाकडून आधी काढून घ्या. नाहीतर अपडेटनंतर मशीन ती मागतं, गिऱ्हाइकाला ती ठाऊक नसते आणि त्याचा सगळा डेटा आतमध्ये अडकतो. दोन, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. बायोस अपडेटने सेटिंग मूळपदावर गेलं की मशीन छान चालतं, फक्त गेम उघडत नाही. गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करतं. आणि अपडेट चालू असताना मशीन यूपीएसवर हवंच. साधा सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच ओढतो, त्यामुळे तेव्हा गेम, बेंचमार्क असलं काही चालवत बसू नका.

सगळ्यात शेवटी ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्यासोबत एसएमपीएसचा विचार. आरटीएक्स ४०६० ला एनव्हीडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. पाच-सहा वर्षं धूळ खाल्लेला साडेचारशेचा लोकल एसएमपीएस तसाच ठेवून वर नवीन कार्ड लावणं म्हणजे जुन्या खांबावर नवीन मजला चढवणं. इथं गिऱ्हाइकाचं ऐकू नका. एसएमपीएस बदलायला तयार नसेल तर काम नम्रपणे सोडून द्या.

बघा, लाखाचं काम निम्म्याहून कमी खर्चात बसलं. काही जण म्हणतील, मग आपलं नुकसानच की. मला तसं वाटत नाही. लाखाच्या मालात पार्टवर जे सुटलं असतं, त्यातलं बरंचसं प्लॅन, मजुरी आणि टेस्टिंगच्या पैशांत निघतं, भांडवल अडकत नाही, आणि तो माणूस टीममधल्या चौघांना तुमचा नंबर देतो. हिंजवडीत जाहिरात अशीच होते, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये.

सध्या हा प्लॅनिंगचा भाग आणखी महत्त्वाचा झालाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. पहिल्या पिढीचे रायझन आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, त्यामुळे जुनी मशीन दुकानात यायला लागली. त्यात २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी चालू स्थितीतली डीडीआर४ रॅम काढून टाकायला लावणारा दुकानदार गिऱ्हाइकाचं नुकसान करतो. आणि तुम्ही कोटेशन देताना रॅमचा भाव 'आजपुरता' असं लिहूनच द्या. आठवडाभर एकच भाव धरून ठेवलात तर फरक तुमच्या खिशातून जाईल.

आता ओव्हरक्लॉकिंग. याच्याभोवतीचं वलय जुन्या काळातलं आहे. १९९८ चा इंटेल सेलेरॉन ३००ए घ्या. बसचा स्पीड ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट, फुकटात! तेव्हा बोर्डावर लिहायला ते ठीक होतं. आजचे प्रोसेसर मात्र तापमान आणि वीज बघून आपले आपणच वर-खाली पळतात. कंपनीने मलई आधीच काढून घेतलेली असते. हाताने ताणून ग्राफिक्स कार्डात पाच-सात टक्के मिळाले तर नशीब चांगलं म्हणायचं. साठ फ्रेमचे त्रेसष्ट होतात. गिऱ्हाइकाला तुम्ही सांगितल्याशिवाय ते कळतही नाही.

धंद्याच्या बाजूनं दोन उदाहरणं बघा. अमेरिकेत सिलिकॉन लॉटरी नावाचं दुकान होतं. ते प्रोसेसर तपासून, त्यातले जास्त पळणारे वेगळे काढून जास्त भावाने विकायचे. २०२१ मध्ये त्यांनी धंदा बंद केला, कारण ताणायला जागाच कमी उरली. दुसरं उदाहरण खुद्द इंटेलचं. २०१२ पासून इंटेल ओव्हरक्लॉकिंगमध्ये प्रोसेसर जळाला तर बदलून देण्याचा वेगळा प्लॅन पैसे घेऊन विकायची. २०२१ मध्ये तोही बंद केला. ज्या जोखमीचे प्रोसेसर बनवणारी कंपनी वेगळे पैसे घेत होती, ती जोखीम तुम्ही वाकडच्या दहा बाय बाराच्या गाळ्यातून फुकट का घेताय?

आणि जोखीम खरीच आहे. एएमडीच्या अटींत स्पष्ट लिहिलंय, की ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर घड्याळ, व्होल्टेज किंवा मेमरी नेली तर वॉरंटी जाते, मग ते एएमडीच्याच सॉफ्टवेअरने केलेलं असलं तरी. रॅमसाठीचं एक्सपो प्रोफाइलही त्यात येऊ शकतं. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एक्सपो चालू करताना काही बोर्ड एसओसी व्होल्टेज जास्त देत होते. नंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे जी गडबड झाली, तिच्यासाठी २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. (असा आय७ किंवा आय९ दुकानात आला तर सगळ्यात आधी बायोस कुठला आहे ते बघा. हे एवढं एकच काम करून दिलं तरी माणूस तुमचा होतो.)

म्हणून नवशिक्यानं किती करावं, तर माझी मर्यादा अशी. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावं, तेही बायोस नवा करून आणि गिऱ्हाइकाला सांगून. ग्राफिक्स कार्डावर एमएसआय आफ्टरबर्नरने घड्याळ थोडं-थोडं वाढवून बघावं, प्रत्येक पायरीला तपासावं आणि जिथं गडबड दिसली तिथून दोन पायऱ्या खाली यावं. रायझन ५००० किंवा पुढचा असेल आणि बोर्डाच्या बायोसमध्ये सोय असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझर शिकावं, त्यात निगेटिव्ह आकडा दिला की व्होल्टेज कमी होतं. प्रोसेसरचं व्होल्टेज हाताने वाढवणं मात्र गिऱ्हाइकाच्या मशीनवर नाहीच. शिकायचं असेल तर स्वतःच्या जुन्या मशीनवर.

खरं सांगू का, आपल्याकडे उलटी सेवा जास्त चालते. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली आणायची किंवा अंडरव्होल्ट करायचं. दोन-चार फ्रेम जातात, पण कार्ड थंड राहतं आणि पंख्याचा आवाज कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी काय होत असेल विचार करा. जानेवारीत एसी शोरूममध्ये पास झालेलं ओव्हरक्लॉक मेमध्ये त्याच्या बेडरूममध्ये नापास होतं. कुलर तोच, मशीनही तेच, पण बाहेरची हवाच पंधरा अंशांनी गरम. त्यात आपल्या भागात चहूकडे बांधकामं चालू, तीन महिन्यांत कॅबिनेटच्या जाळीवर थर बसतो. धूळ साफ करून, थर्मल पेस्ट बदलून आणि पुढच्या पंख्यांची दिशा सरळ करून जे तापमान उतरतं, त्यामुळे प्रोसेसर आपला आपण जास्त पळतो. हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच समजा, फक्त यात वॉरंटीचा प्रश्न येत नाही.

टेस्टिंग म्हणजे काय करायचं? रात्री मेमटेस्ट८६ लावून जायचं, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. सकाळी एक चूक जरी दिसली तरी रॅमचा स्पीड एक पायरी खाली. "एकच तर एरर आहे" हा विचार करू नका, उद्या त्याच मशीनवर त्याची फाइल खराब होईल. मग ओसीसीटी किंवा सिनेबेंचवर अर्धा-पाऊण तास प्रोसेसर, सोबत एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि डब्ल्यूएचईएच्या चुकांची नोंद. शेवटी त्याचाच एखादा गेम तासभर. तुमची स्वतःची मेहनत जेमतेम तासाभराची, बाकी मशीन आपलं चालत राहतं.

याचा एक कागद करा. आधीचा स्पीड, नंतरचा स्पीड, सर्वांत जास्त तापमान, खोलीचं तापमान, बायोसची आवृत्ती, बदललेली प्रत्येक सेटिंग आणि मूळ सेटिंगवर परत कसं जायचं. खाली वॉरंटीबद्दल मराठीत दोन ओळी आणि गिऱ्हाइकाची सही. पार्टचे सिरियल नंबर बिलावर. उद्या काही झालं तर भांडण तोंडी राहत नाही.

हे सगळं केल्यावर हजार-दीड हजार मागायला जीभ का अडखळते? "शेजारचा फुकट करतो" असं गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू द्या. कागद दाखवा आणि शेजारच्याकडून असा कागद आणायला सांगा. काही जण जातील. जे फक्त रेटसाठी आले होते ते तसेही पुढच्या वेळी ऑनलाइन गेले असते.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा, कारण यात बरेच नवे लोक फसतात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख उलाढालीची आहे. तुम्ही टेस्टिंग, सर्व्हिस असे पैसे वेगळे लावायला लागलात की तुम्ही 'फक्त माल विकणारे' राहत नाही, मग २० लाखांची मर्यादा धरून चालावं लागतं. पीसीच्या धंद्यात २० लाख म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांपेक्षाही कमी उलाढाल. लवकर गाठाल. सीएला पहिल्याच महिन्यात भेटा, आणि सेवेचे पैसे लपवण्यासाठी ते पार्टच्या किमतीत घुसवू नका. मोबाइलवर रेट बघणाऱ्या माणसाला तुम्ही तेवढेच महाग दिसाल.

बोर्डाचं विचारलं होतं ना? मी असं लिहीन: 'पीसी अपग्रेड. आधी तपासणी, मग खरेदी. तपासणी ५०० रुपये, काम दिल्यास बिलातून वजा. प्रत्येक मशीन टेस्ट रिपोर्टसह.' ओव्हरक्लॉकिंग हा शब्द आत, रेटकार्डच्या शेवटच्या ओळीत, पुढे रक्कम लिहून.

टेस्ट रिपोर्टचा नमुना पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या भागात टेस्टिंगचे किती पैसे मिळू शकतात, दोन-तीन दुकानांत विचारून बघा आणि कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव नक्की टाका, कारण बार्शीचा दर आणि बाणेरचा दर सारखा असणार नाही.